मोटारीचा संगणक बदलण्यापूर्वी



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की हा शहरातल्या बड्या मोटारवाल्यांचा विषय. आपल्या गावाशी त्याचा काय संबंध? पण तसे आता राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींतूनसुद्धा कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी इंजेक्टर आला. इंजेक्टर आला म्हणजे त्याला हुकूम देणारा छोटा संगणकही आला. दूध नेणारा टेम्पो, बाजारला भाजी नेणारी पिकअप, शाळेची मुले आणणारी गाडी, गुरुजींची फटफटी, या प्रत्येकीत आज एकेक संगणक बसलेला आहे. गॅरेजात त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. ही कल्पना तशी जुनी आहे. पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे देणारी मोट्रॉनिक नावाची योजना जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत बसवली होती. आपल्या दारापर्यंत ती पोचायला चाळीस वर्षे लागली, एवढेच.

आता अडचण कुठे येते ते पाहा. एके दिवशी गाडी झटके घेऊ लागते, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर एक आकडा येतो, आणि आपल्याला सांगण्यात येते, "कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल." नवा संगणक हजारो रुपयांचा. गाडीचा मालक निमूटपणे पैसे मोजतो, कारण खरे-खोटे करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. पुष्कळदा संगणक मुळात बिघडलेलाच नसतो. आणि कधी कधी खरोखर जळालेला असतो, पण ज्याने तो जाळला तो चोर गाडीतच राहतो आणि नव्या संगणकाचाही बळी घेतो. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच. म्हणून मला आज एवढेच सांगायचे आहे की, संगणकावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, आणि तोही मापून घ्यावा. हे मापन अवघड नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक एलईडीचा टेस्ट लॅम्प आणि थोडा धीर एवढ्यावर ते होते.

आधी हा संगणक काम कसे करतो ते समजून घेऊ. त्याच्याकडे दोन प्रकारच्या तारा असतात. काही तारांवरून त्याला खबर येते: इंजिन किती गरम आहे, किती वेगाने फिरते आहे, हवा किती येते आहे. दुसऱ्या तारांवरून तो हुकूम सोडतो: इंजेक्टर उघड, पंखा चालू कर, पेट्रोलच्या वाफेची झडप उघड. आज आपल्याला या हुकमाच्या तारांविषयी बोलायचे आहे.

हा हुकूम म्हणजे संगणक तिकडे करंट पाठवतो, असे आपण समजतो. बहुतेक ठिकाणी ते तसे नसते. बॅटरीचा धन करंट फ्यूजमधून आणि मुख्य रिलेमधून इंजेक्टरच्या एका टोकाला आधीच येऊन उभा असतो. इंजेक्टरचे दुसरे टोक संगणकाकडे जाते. संगणकाच्या पोटात त्या टोकासाठी एक ट्रान्झिस्टर असतो, तो बटनासारखे काम करतो. हुकूम द्यायचा झाला की तो ट्रान्झिस्टर त्या टोकाला अर्थशी जोडतो. वाट पुरी होते, करंट वाहतो, इंजेक्टर उघडतो. पाटाचे पाणी शेताच्या वरच्या अंगाला तुंबून उभे आहे आणि खालच्या अंगाला माणूस फळी उचलतो तेव्हाच ते वाहू लागते, तसाच हा प्रकार. संगणक म्हणजे खालच्या अंगाचा फळी उचलणारा माणूस. पाणी त्याच्या घरचे नाही.

हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे होते. पाणी वाहत नसेल तर कारणे चारच संभवतात. वरून पाणीच आले नाही. मधली वस्तू बंद पडली. पुढचा पाट फुटला किंवा बुजला. किंवा फळी उचलणाऱ्याने फळीच उचलली नाही. म्हणजे पुरवठा, वस्तू, तार आणि संगणक. तपास याच क्रमाने करायचा.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगतो. दहावीच्या वर्गात विद्युतधारेचे परिणाम शिकवताना तो सहज करता येईल, आणि ज्याला गाडीचा तपास शिकायचा आहे त्यानेही तो एकदा हाताने करून पाहावा. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. धन टोकाला आधी एक लहान फ्यूज लावा, हे विसरू नका. फ्यूजमधून तार बल्बच्या एका टोकाला न्या. बल्बच्या दुसऱ्या टोकाची तार बटनातून बॅटरीच्या ऋण टोकाला न्या. बटन मुद्दाम बल्बच्या पुढे, ऋण बाजूला ठेवायचे. आता मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावून ठेवा आणि लाल तारेने बल्बच्या दोन्ही टोकांचा दाब आळीपाळीने मोजा.

बटन बंद असताना काय दिसेल? मुले म्हणतील, एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला शून्य. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना १२ दिसतील, आणि तरीही बल्ब विझलेलाच असेल! दाब दोन्हीकडे सारखा असला की करंट वाहत नाही, हा धडा मुलांना फळ्यावर सांगून जितका कळत नाही तितका या एका मापनाने कळतो. बटन दाबा. आता एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला जवळजवळ शून्य दिसेल आणि बल्ब पेटेल.

आता मुलांच्या पाठीमागे गुपचूप एकेक दोष करा आणि त्यांना मीटरवरून ओळखायला सांगा. फ्यूज काढा: दोन्ही टोकांना शून्य. फ्यूज परत लावून तुटलेल्या तारेचा बल्ब बसवा: वरच्या टोकाला १२, खालच्या टोकाला शून्य, आणि बटन दाबूनही फरक नाही. चांगला बल्ब लावून बटनाकडे जाणारी तार तोडा: दोन्ही टोकांना १२, आणि बटन दाबले तरी १२ चे १२. गाडीतल्या तपासाचा गाभा इतकाच आहे. बल्बच्या जागी इंजेक्टर ठेवा, किंवा पंख्याचा रिले ठेवा. बटनाच्या जागी संगणक ठेवा. आकडे तेच येतील.

आता गाडीकडे वळू. प्रथम स्कॅनरवरचा आकडा नीट वाचावा. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरात इंधन नीट जळत नाही. त्याचे कारण प्लग असेल, कॉम्प्रेशन असेल, इंजेक्टर असेल, काहीही असेल. पी ०२०३ म्हणजे मात्र तिसऱ्या इंजेक्टरच्या विजेच्या वाटेत दोष आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तसेच पी ०४८० म्हणजे पंख्याच्या नियंत्रणाच्या वाटेत दोष. जिथे पंखा साध्या रिलेवर चालतो तिथे संगणक पंख्याला हात लावत नाही. तो फक्त रिलेची बारीक कॉइल ओढतो, आणि पुढे रिले पंख्याला करंट देतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्यांनी उघडून पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल. बटनाने स्टार्टरची कॉइल ओढली जाते, आणि कॉइलने ओढलेले जाड पॉइंट मोटारीला वीज देतात. तेव्हा पी ०४८० आला म्हणून पंखा बदलू नये. आधी रिले, त्याचा फ्यूज आणि त्याची बारीक तार बघावी.

संगणकाला हा दोष कळतो कसा? त्याची युक्ती आपल्या बल्बच्या प्रयोगासारखीच आहे. ट्रान्झिस्टर बंद असताना आपल्या टोकाशी बॅटरीइतका दाब दिसला पाहिजे, आणि चालू असताना जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. बंद असताना दाब दिसला नाही, तर वाट कुठेतरी तुटली आहे किंवा तार गाडीच्या सांगाड्याला लागली आहे. चालू असताना दाब उतरला नाही किंवा करंट बेसुमार वाहू लागला, तर वस्तूची कॉइल आतून जुळली आहे किंवा तार कुठेतरी धनाला चिकटली आहे. एवढे तो सांगतो. पण वाटेत नेमके कोणत्या ठिकाणी तुटले, हे त्याला कळत नाही. ते आपण शोधायचे.

एक उदाहरण घेऊ. समजा, चार सिलिंडरांचा पेट्रोलचा लहान टेम्पो आहे. रविवारी जोरदार पाण्याने इंजिन धुतले. सोमवारी पहाटे दुधाचे कॅन भरून निघाला तो झटके घेऊ लागला. कोड आला पी ०२०३. काय करावे?

पहिली गोष्ट, बॅटरी आणि फ्यूज. बॅटरी विश्रांतीत असताना साडेबारा व्होल्टांच्या आसपास असावी. दाबच कमी असेल तर संगणक भलतेसलते कोड देतो. चारांपैकी तीन इंजेक्टर चालू आहेत आणि चौघांचा फ्यूज एकच आहे, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, हे इथे न बघताही समजते.

दुसरी गोष्ट, किल्ली फिरवून तिसऱ्या इंजेक्टरच्या कपलरला मागच्या बाजूने बारीक टाचणीसारखी सुई लावून दोन्ही टोके मोजावी. तार सोलू नये. सोललेल्या जागी पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी नवे दुखणे उभे राहते. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन फिरू लागल्यावरच येतो, तेव्हा दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मोजावे. समजा, दोन्ही टोकांना १२ आले. म्हणजे पुरवठा आहे आणि इंजेक्टरची कॉइल तुटलेली नाही, कारण तिच्यातूनच दाब पलीकडे पोचला. वरच्या टोकाला १२ आणि खाली शून्य आले असते तर दोन शक्यता होत्या: कॉइल तुटली, किंवा खालची तार सांगाड्याला लागली. दुसऱ्या प्रकारात इंजेक्टर सतत उघडा राहतो, सिलिंडरात पेट्रोल साचते आणि ते खाली ऑइलमध्ये उतरते. असा संशय आला तर गाडी चालवूच नये. काही संगणक तपासणीसाठी त्या टोकावर स्वतःच दोन-तीन व्होल्ट ठेवतात. कॉइल तुटली असता शून्याऐवजी तेवढे दिसले तर गोंधळून जाऊ नका.

तिसरी गोष्ट, इंजेक्टरचा रोध मोजावा. किल्ली बंद, कपलर काढलेला. अशा पेट्रोल इंजिनांत तो साधारणपणे १२ ते १६ ओहम असतो, आणि चारही इंजेक्टर जवळजवळ सारखे असावे लागतात. पुस्तक हाताशी नसेल तर शेजारचे तीन भाऊच साक्षीला घ्यावे. ओहमचा नियम इथे कामाला येतो. १४ ओहमला १२ व्होल्ट, म्हणजे करंट सुमारे ०.८६ अँपिअर. हेच कॉइलचे वेढे आतून जुळून रोध ३ ओहमवर आला, तर करंट ४ अँपिअर. जो ट्रान्झिस्टर एक अँपिअर खुशाल वाहतो त्याला चौपट ओझे दिले की तो एकतर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, नाहीतर जळतो. मघाशी मी ज्याला चोर म्हटले तो हाच. म्हणून संगणक जळालेला निघाला तरी, ज्या टोकाचा ट्रान्झिस्टर जळाला त्या टोकाची वस्तू मोजल्याशिवाय नवा संगणक जोडू नये. कॉइल थंड असताना चांगली दिसते आणि तापल्यावर जुळते, असेही होते. तेव्हा थंड आणि गरम अशी दोनदा मोजावी.

चौथी गोष्ट, हुकूम येतो का ते पाहणे. कपलर काढून त्याच्या दोन टोकांत एलईडीचा टेस्ट लॅम्प लावावा आणि सेल्फ मारावा. लॅम्प लुकलुकला तर संगणक हुकूम देतो आहे आणि तारही धड आहे; मग दोष इंजेक्टरमध्ये किंवा कपलरच्या पकडीत. आपल्या टेम्पोत तो लुकलुकला नाही असे समजा, पण शेजारच्या दुसऱ्या इंजेक्टरवर लुकलुकला. आता राहिल्या दोन जागा, तार आणि संगणक. (चारींवर लुकलुकला नसता तर प्रश्न वेगळा होता. इंजिन फिरल्याची खबर देणारा सेन्सर किंवा चोरीविरोधी कुलूप यांनी हुकूम अडवला असता.) इथे एक ताकीद. संगणकाच्या टोकावर मोठ्या बल्बचा लॅम्प लावू नये. एलईडीला नखभर करंट लागतो. मोठा बल्ब ट्रान्झिस्टरवर ओझे टाकतो.

पाचवी गोष्ट, तार. बॅटरीचे ऋण टोक सोडावे, मग संगणकाचा कपलर काढावा. कपलरची टोके भिंगाने पाहावी. पाणी शिरले असेल तर तांब्यावर हिरवा कळक चढलेला दिसेल. मग त्या तारेची दोन टोके मीटरने जोडून पाहावी, आणि ती सांगाड्याला लागत नाही ना तेही पाहावे. मोजताना वायरिंगचा जुडगा हलवत राहावा. पण मीटरवर फार विसंबू नये. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकच उरला असला तरी मीटर ती तार चांगली दाखवतो, कारण त्याला तपासायला कणभर करंट पुरतो. एका धाग्यावरून इंजेक्टरचा करंट धड जाईलच असे नाही. म्हणून दोन्ही कपलर काढलेले असताना, आणि दोन्हीकडे काहीच जोडलेले नसताना, त्या तारेतून बॅटरीने मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पेटवून पाहावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर तार खरी. मिणमिणला तर ती आतून गेलेली. आपल्या टेम्पोत बल्ब मिणमिणला आणि क्लिपेखाली उंदराने कुरतडलेली जागा सापडली, असे धरू. पाणी आत गेले, उरलेले धागे कुजले. वीतभर तार, झाळ आणि नळी एवढ्यात काम झाले. संगणकाला हातही लागला नाही.

सहावी आणि शेवटची गोष्ट, संगणकाचा स्वतःचा अर्थ. तार धड निघाली असती तरी लगेच संगणकावर शिक्का मारायचा नव्हता. फळी उचलणाऱ्याचे पाय चिखलात रुतले असतील तर तो फळी उचलणार कशी? इंजिन चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि संगणकाची अर्थची तार यांच्यामध्ये मीटर लावावा. एक दशांश व्होल्टाच्या आत आकडा असावा. जास्त आला तर अर्थचा बोल्ट सोडवून, गंज घासून पुन्हा आवळावा. पुरवठा ठीक, इंजेक्टर ठीक, तार ठीक, अर्थ ठीक, शेजारच्याला हुकूम येतो आणि याला येत नाही, एवढे सिद्ध झाले तरच संगणक दोषी. मग तो बदला किंवा जाणत्याकडून दुरुस्त करून घ्या. नवा संगणक पुष्कळ गाड्यांत किल्लीशी आणि गाडीशी जुळवून घ्यावा लागतो, हेही आधीच विचारून ठेवा.

रिलेच्या बाबतीत एक सूचना. कॉइलचा करंट एकदम तोडला की ती उलटा झटका देते. इंजेक्टरचा झटका साठ-सत्तर व्होल्टांपर्यंत जातो, आणि तो सोसण्याची सोय संगणकात केलेली असते. काही रिलेंत हा झटका जिरवण्यासाठी आतच डायोड किंवा रोध बसवलेला असतो. तसल्या रिलेच्या जागी बाजारातला स्वस्त, बिनडायोडचा रिले खोचला तर संगणकाच्या जिवावर बेतू शकते. पाय जुळतात म्हणून रिले चालतो असे समजू नका. त्याचा नंबर जुळवा.

आता काही ठिकाणी हात आखडता घ्यावा. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनांत आणि थेट सिलिंडरात पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत संगणक इंजेक्टरसाठी बॅटरीच्या कितीतरी पट दाब तयार करतो आणि तो अंगाला धोक्याचा असतो. तिथे इंजेक्टरचा रोध एखाद्या ओहमच्या आतही असतो, आणि त्याला बॅटरी सरळ जोडली तर तो जळतो. वर सांगितलेली इंजेक्टरची तपासणी तिथे लागू नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना लॅम्प लावायचा नाही. विजेवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी तारांना तर शिवायचेच नाही. ठिणगीच्या पुष्कळशा कॉइलना संगणक नुसती बारीक खूण पाठवतो, तिथलेही मापन निराळे. आणि काही हुकूम उलट्या बाजूने, म्हणजे धनाकडूनही दिले जातात. म्हणून गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळवून मगच सुई लावावी.

आता कुणी विचारील, हे सगळे आम्ही कशाला शिकावे? त्यासाठी मेकॅनिक आहे की. आहेच, आणि त्याच्या हुन्नराला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडचे कितीतरी कारागीर कुठल्याही शाळेत न जाता हे सारे हाताने शिकले आहेत. पण तुम्ही त्याला चार प्रश्न विचारू शकलात, तर तोही सावधपणे काम करील. "दादा, इंजेक्टरला पुरवठा मोजला का? रोध किती आला? लॅम्प लुकलुकतो का? अर्थ पाहिला का?" चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही, तो मीटर तुमच्या डोळ्यांसमोर धरतो. ज्याने काहीच मोजलेले नाही त्याला मात्र संगणकाची ऑर्डर देऊ नका.

आणि शिक्षकांना एवढीच विनंती की, ओहमचा नियम परीक्षेच्या पेपरापुरता ठेवू नका. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या तालुक्याच्या गावी गॅरेज घालणार आहे. बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट का दिसतात, हे ज्याला शाळेत कळले, तो उद्या एखाद्या शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचवील.